फौजदारांची तोंडी परीक्षा

एसटी स्टँडसमोरच्या शेवंताक्काच्या हॉटेलात टीव्हीवर मॅच लागली, की बाकडी भरायची आणि मिसळ खपायची. नवीन बदलून आलेल्या फौजदार इंगवल्यांच्या डोळ्यांत ते खुपलं. ऐन मॅचमध्ये हवालदाराला घेऊन त्यांनी दारात जीप लावली, टीव्ही बंद केला आणि मिशीला पीळ देत फर्मान सोडलं, “इथं सट्टा चालतो. मी शब्द विचारणार. ज्याला अर्थ सांगता येईल तो सट्टेबाज. एक जरी सापडला, तरी हॉटेलाला कुलूप.”

गिऱ्हाइकं मान खाली घालून कटात पाव बुडवत राहिली. शेवंताक्का गल्ल्यावरून उठली. “माझ्यापासनं सुरुवात करा, साहेब.”

“पेटी म्हणजे काय?”

“आंब्याची. हापूस असला तर बरा.”

“सेशन?”

“कोर्ट. आमचे दीर तिथं शिपाई आहेत.”

“आणि लगाई?”

“लग्नाआधी सुपारी फोडतात, तीच ना?”

फौजदारांना हे अज्ञान सोसवेना. “अहो बाई, पेटी म्हणजे लाख रुपये. लगाई म्हणजे जिंकेल त्या टीमवर पैसे लावणं. आणि सेशन म्हणजे पहिल्या सहा ओव्हरांत किती रन होतील, त्याची पैज. आजचं पन्नासला उघडलंय, पण या पिचवर तेवढे व्हायचे नाहीत, म्हणून तर मी...”

साहेब थांबले, पण उशीर झाला होता.

शेवंताक्का शांतपणे हवालदाराकडं वळली. “सट्टेबाज तर सापडला. आता त्याला आत ठेवून कुलूप लावताय, का बाहेर काढून?”