चिचुंद्रीचं दार आणि भुशाचं यंत्र

चिचुंद्रीचं दार हरवलं!
सकाळी होतं. आता नाही.

घरामागे पडवी. पडवीत मेस्त्रीकाका लाकूड कापतात. आज त्यांनी नवं यंत्र आणलं. भुसा ओढायचं यंत्र. ठेवलं कुठे? कोपऱ्यात. अगदी चिचुंद्रीच्या बिळावर!

आत तीन पिल्लं. बाहेर आई.
"आई, अंधार!"

"यंत्रदादा, हल ना!"
"माझी नळी सुटली तर हलेन. लवकर कर. मेस्त्रींचा चहा झाला की मी सुरू. घूँऽऽ! मागून भुसा उडणार. बीळ बुजणार."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्री नळीकडे गेली.
"नळीताई, सूट ना! यंत्र हलेना, पिल्लांना दार मिळेना!"
"करवतीनं मला ताणून धरलंय. करवत सरकली तर सुटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्री करवतीकडे गेली.
"करवतमावशी, सरक ना! नळी सुटेना, यंत्र हलेना, पिल्लांना दार मिळेना!"
"मी टेबलासकट जड. मेस्त्री उठले तर सरकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्री मेस्त्रींकडे गेली.
"मेस्त्रीकाका, उठा ना! करवत सरकेना, नळी सुटेना, यंत्र हलेना, पिल्लांना दार मिळेना!"
"यंत्राची ही जागा मी शोधलीय! काकी बोलली तरच उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्री स्वयंपाकघरात गेली. चहा उकळत होता. खळखळ, खळखळ.
"काकी, बोला ना! मेस्त्री उठेनात, करवत सरकेना, नळी सुटेना, यंत्र हलेना, पिल्लांना दार मिळेना!"
"त्यांच्या कामात मी कशाला बोलू, बाई? माझ्या चहात भुसा पडला, तरच बोलेन."

काकीनं चहा गाळला. दोन कप भरले.
"झाला का गं चहा?" मेस्त्रींनी हाक मारली.

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री ओट्यावरच्या खिडकीत चढली. तिथे भुसा बसला होता.
"भुसाभाऊ, उड ना! काकी बोलेना, मेस्त्री उठेनात, करवत सरकेना, नळी सुटेना, यंत्र हलेना, पिल्लांना दार मिळेना!"
"कुणी फुंकलं तर उडेन."

कोण फुंकणार? इकडे कुणी नाही. तिकडे कुणी नाही.
चिचुंद्रीनं गाल फुगवले.
फूऽऽऽ!

भुसा उडाला. टप्! काकीच्या चहात पडला.
काकी बोलली, "अहो, उठा आधी! आता चहातून लाकूड पिऊ का? ते धूड कोपऱ्यात का कोंबलंत? करवतीशेजारी ठेवा!"
"बरं बाई, बरं!" मेस्त्री उठले.
करवत सरकली. घर्रर्र.
नळी सुटली. फट्!
यंत्र हललं. ढुम्, ढुम्, ढुम्.
दार मिळालं!

पण आत सगळं गप्प.
"बाळांनो?"
गप्प.
"बाळांनो!"

एक लांब नाक बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं.
"आई!"

पहिल्यानं आईची शेपटी धरली. दुसऱ्यानं पहिल्याची शेपटी धरली. तिसऱ्यानं दुसऱ्याची शेपटी धरली. घट्ट!
आणि भिंतीकडेनं सगळी निघाली.
तुरु. तुरु. तुरु. तुरु.