बारा ढोल्यांचं झाड

रानात पाखरं वाढली आणि ढोल्या कमी पडू लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. सुतारपक्ष्याने एकाच खोडात एकावर एक बारा ढोल्या कोरल्या.

अंडी घालताना धनेशीण ढोलीचं दार आतून लिंपून घेते. अशीच एक धनेशीण ढोली घ्यायला आली. तिच्या धाकट्या भावाने सुतारपक्ष्याला विचारलं, “काका, खोड पेलेल ना?”

“खोड कधी कुरकुरलंय का रे?” सुतारपक्षी हसला.

“भांडू नकोस,” ताई म्हणाली. “घर मिळालंय मला.” तिने दार लिंपलं.

वाऱ्याने झाड मोडलं. बाकीची पाखरं उडाली. भाऊ चोच रक्ताळेपर्यंत ताईचं दार फोडत राहिला. आतला आवाज थांबला.

शेजारच्या झाडावर टकटक सुरू झाली. खाली नव्या ढोल्यांसाठी रांग लागली. भाऊ धावत जाऊन ओरडला, “घेऊ नका! माझी ताई मेली!”

रांगेतली साळुंकी म्हणाली, “मध्ये घुसू नकोस. मागे उभा राहा.”