म्हातारीचे कान

एका गावात एक मृदंग मढवणारा म्हातारा राहत होता. त्याची म्हातारीही होती, पण गावाला ठाऊक होता तो म्हाताराच. त्याने लावलेल्या मृदंगावर थाप पडली की ती गोल घुमायची आणि वेळेवर विरून जायची. मागे कसली किणकिण राहत नसे.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे आवाज भरीव होतो. ती कणीक चाळीस वर्षं म्हातारीच मळत आली होती. घराची रीत मात्र अशी, की बायकांनी वाद्यापाशी बसायचं नाही. तिने चुलीपाशी मळायची, त्याने ओसरीवर थापायची.

उत्सवाच्या दिवशी सकाळीच देवळातले कीर्तनकारबुवा मृदंग घेऊन आले.

"आजोबा, थाप मारली की मागे डास गुणगुणावा तसं काहीतरी किणकिणत राहतं. दिवेलागणीला कीर्तन आहे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, पलीकडच्या गावी पाठवतो."

"मला जमणार नाही?" म्हातारा हसला. बुवांची पाठ वळली आणि ते हसू मावळलं. त्याने थाप मारली, कान लावला. घुमारा आला. डास काही ऐकू आला नाही.

वर्षभरापासून बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हते. हे त्याने कोणाला, अगदी म्हातारीलाही, सांगितलं नव्हतं.

अंदाजानेच तो कणीक वाढवत गेला. मग उजव्या तोंडाच्या कडेने फडकं गुंडाळलं. दुपारपर्यंत मृदंग पोतं बडवल्यासारखा धप् धप् वाजू लागला.

"डास मेला, पण त्याच्याबरोबर मृदंगही मेला," आतून म्हातारी म्हणाली.

"तू चूल सांभाळ!"

ती परात घेऊनच बाहेर आली. "अहो, यंदा चिमण्यांनी आपल्या तुळईवर दोन विणी काढल्या. पहाटेपासून नुसता कलकलाट. दरवर्षी काठी घेऊन धावता. यंदा एकदा तरी हाकललंत?"

म्हाताऱ्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या विणीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आणि काय हो, माझ्या हातची कणीक वाद्याला चालते, कान तेवढे चालत नाहीत होय?"

म्हातारा मृदंगावरून नुसता हात फिरवत राहिला. उन्हं ओसरीवरून उतरू लागली. रीत राखावी तर मृदंग जात होता. शेवटी तो चटईवर जरा सरकला.

"ये. बस."

तिने फडकं ओढून काढलं, फाजील कणीक खरवडून परातीत टाकली. "आता कडेकडेने वाजवा. एकेका वादीपाशी."

तोंडाला ताणून बांधलेल्या चामड्याच्या एकेका पट्टीपाशी तो बोटाने टकटक करत निघाला. ती डोळे मिटून ऐकत होती. सातव्या वादीपाशी तिचं पिठाचं बोट वर गेलं.

"हीच ती जागा! बाकी सगळ्या एका सुरात, ही एकटी वर चढून बसलीय."

सूर उतरावा म्हणून त्याने तिथे खालून हलकेच हातोडी मारली.

"अजून. अजून जरा... बास! बास म्हणते ना!"

त्याने थाप मारली. ती घुमली, विरली. डास गेलेला म्हाताऱ्याला कळला नाही, पण म्हातारीचा चेहरा निवलेला दिसला.

संध्याकाळी देवळात बुवा खूश झाले. "वा आजोबा! काय कान आहेत तुमचे!"

नुसती मान डोलावली असती तरी कोणाला काही कळलं नसतं.

"हात माझे," म्हातारा मागे उभ्या म्हातारीकडे वळून म्हणाला. "कान हिचे. माझे वर्षभर बंद आहेत."

सगळं देऊळ त्या म्हातारीकडे बघू लागलं. तिने पदराने हातावरचं वाळलेलं पीठ पुसलं, उगाचच.

त्या दिवसापासून ओसरीवर दोन पाट मांडले जाऊ लागले. कधी पहाटे म्हातारा तुळईकडे बघून विचारायचा, "ओरडतायत का गं?"

"ओरडतायत."

"मग राहू देत."

तात्पर्य: नको असलेला सूर वरून थापून दाबला की चांगला सूरही गुदमरतो. तो नकोसा सूर कुठून येतो ते शोधावं, आणि आपल्याला ऐकू येत नसेल तर ज्याला येतं त्याला शेजारी जागा द्यावी.