फुकटच्या मुंडावळ्या

"दोन वांग्यांना? माझा मुकुट दोन वांग्यांना विकला?"

राजा गजबाहू कडाडला, आणि अख्खा दरबार खाली मान घालून बसला. हसू लपवायचं होतं ना!

झालं होतं असं. सोंगपट हा खेळ राजानेच काढलेला. रंगवलेल्या पटाभोवती चौघांनी बसायचं. कोणी चोर व्हायचं, कोणी वैद्य, कोणी राणी. एकाने गोष्ट सांगत न्यायची आणि गोष्ट अडली की फासे टाकायचे. राजा या खेळावर इतका खूश, की त्याने दवंडी पिटवली, 'ज्याला हवा त्याने सोंगपट रंगवावा, नवी गोष्ट रचावी, खुशाल विकावा!'

घरोघरी पट रंगू लागले. पण राजवाड्याच्या पटावर कोपऱ्यात निळा मोर असे, तोही लोक काढू लागले. मोर दिसला की पट हातोहात खपे. शेवटी शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला, बाजारातून मोराचा पट घेऊन आला आणि जेवताना म्हणाला, "वा गजबाहू! तुमच्याच पटात तुम्ही भुकेपायी मुकुट विकता, तोही दोन वांग्यांना!"

"महाराज," हिराशेठ कापडवाला हात जोडून म्हणाला, "हा खेळ बनवून विकायचा हक्क मला एकट्याला द्या. बाकीच्यांचे पट जाळून टाका."

"आणि आम्ही काय खायचं?" मागून आवाज आला. आवडा चितारीण पुढे आली. "पट रंगवते तेव्हा माझी चूल पेटते, महाराज. आणि दवंडी तुमचीच होती!"

राजा जागच्या जागी चुळबुळला. "शब्द मी मागे घेणार नाही. खेळ सगळ्यांचाच राहील. पण माझा पट कोणता, ते शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे. खेळ सगळ्यांचा आणि तरी माझा एकट्याचा! बसव असं काहीतरी. नाही जमलं, तर हक्क शेठचा आणि तुझे पट माझ्या आंघोळीचं पाणी तापवायला!"

आवडाने क्षणभर विचार केला. "उद्या रखमा माळणीच्या मुलीचं लग्न आहे. मारुतीच्या देवळात सीमांतपूजन आहे, तिथे यावं महाराजांनी. उत्तर तिथेच देते."

"जेवण आहे?"

"आहे तर!"

"मग येतो!"

दुसऱ्या दिवशी आवडा टोपली घेऊन देवळाच्या दारातच बसली. "मुंडावळ्या घ्या, मुंडावळ्या! फुकट!"

फुकट म्हटल्यावर कोण सोडतो? वऱ्हाडातल्या प्रत्येक पुरुषाने कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. नवऱ्याच्या आजोबांनीसुद्धा! हिराशेठ गंमत बघायला आला होता. त्याने तर टोपली उकरून मोत्यांच्याच काढल्या.

इतक्यात रखमा तांब्या-ताम्हन घेऊन आली आणि चक्रावून उभीच राहिली.

"अगं बाई! यातला जावई कोणता? स्थळ आमच्या ह्यांनी पाहिलं. मी कुठे पाहिलाय?"

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. रेशमी अंगरखा, मोत्यांच्या मुंडावळ्या... हेच असणार! तिने हिराशेठला पाटावर बसवलं, त्याचे पाय ताम्हनात ओढले आणि धुवायलाच लागली.

"वय जरा पुढे गेलंय," ती पुटपुटली. "पोटही! असू दे, खातं-पितं घर असेल."

"अहो बाई, पाय सोडा! मी नवरा नाही!"

"इश्श! मग मुंडावळ्या कशाला बांधल्यात, जावईबापू?"

"फुकट होत्या म्हणून!"

आवडा राजाकडे वळली. "ऐकलंत, महाराज? मोराचंही हेच झालंय!"

राजाच्या मिशा हलल्या. आवडाने सगळ्यांना मुंडावळ्या सोडायला लावल्या. खऱ्या नवऱ्याच्या तेवढ्या राहिल्या. बिचारा मघापासून खांबाआड उभा होता.

"आता सांगा, नवरा कोणता?"

"हा काय, हा!"

"मग बाकीच्यांचं जेवण बंद झालं? नाचणं बंद झालं? पंगत सगळ्यांना मोकळी, मुंडावळ्या एकालाच! तसाच खेळ सगळ्यांना मोकळा ठेवा, महाराज, पण मोर राजवाड्याच्या पटालाच. बाकीच्यांनी पटावर आपापलं नाव घालावं आणि खाली लिहावं, 'राजवाड्याच्या सोंगपटाच्या नियमांनी खेळता येतो.' आम्ही नवऱ्याकडचे, असं वऱ्हाडी सांगतातच की! मीच नवरा, असं कोणी सांगत नाही."

"आणि एखाद्याचा पट टाकाऊ निघाला तर?"

"ज्याचं नाव, त्याला शिव्या! आणि चांगला निघाला, तर लोक विचारणारच, मूळ खेळ कोणाचा?"

"शाब्बास!" राजाने मांडीवर थाप मारली. मग त्याला एकदम आठवलं. "पण ती वांग्यांची गोष्ट कोणी रचली?"

हिराशेठ ओले पाय पुसत हळूच दाराकडे सरकू लागला.

"गोष्ट माझी, महाराज," आवडा म्हणाली. "पण मी पटावर मोर काढला नव्हता. पट शेठजींच्या दुकानात विकायला गेला, तिथे त्यावर मोर बसला!"

"दोन वांग्यांना, आवडा?"

"राजा उपाशी होता, महाराज. त्यात फासेही वाईट पडले!"

राजा खो खो हसत सुटला. "अगं, निदान चार तरी मागायची होतीस! शेठचं मोराचं दुकान आजपासून बंद. आणि हिला सोन्याचं कडं द्या. शिवाय आवडा, तुला माझा मोर लावायची मुभा!"

"नको, महाराज! दुसऱ्याच्या मुंडावळ्या बांधल्या की काय होतं, ते शेठजींनी दाखवलंच! मला माझी स्वतःची खूण द्या."

"कोणती हवी?"

"वांगं!"

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. तेवढ्यात पंगत बसली. पानावर भरली वांगी आली. राजाने दोन संपवली आणि वाढप्याला हाक मारली, "अरे, आण इकडे अजून दोन! मुकुट आहे माझ्याकडे!"