झिणीचा चढ

त्या राज्यात बोललेलं चार पावलांवर विरून जाई. दूर पोचे तो फक्त चढण्यापडण्याचा आवाज. प्रत्येकानं आपापला चढ चढायचा, माथ्यावरून उडी टाकायची आणि पुन्हा पायथ्यापासून निघायचं, हाच तिथला जन्म. सावकाश चढणाऱ्याचा आवाज जाड, भरभर चढणाऱ्याचा बारीक. खाली दरीतले लोक ते आवाज ऐकत आणि वर्षातून एकदा, नामदिनी, ज्याचा आवाज ओळखू येई त्याचं नाव दवंडीवाल्याकरवी वर कळवत. दरीनं असं नाव घेतलं की चढ स्वतःच्या मालकीचा होई. ज्याचं नाव दरीनं घेतलं नाही, त्याला कुणाच्या तरी दोराला बांधून घ्यावं लागे.

झिणी खर्जरावाच्या दोराला बांधलेली होती. खर्जराव अंगानं भारी, चालीचा पक्का. शेजारचा छोटा चढ त्यानंच तिला दिला होता आणि तो माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दोराचा रिवाज एवढाच, की थोरल्यानं उडी टाकली की धाकटीनंही, असेल तिथून, खाली यायचं आणि त्याच्याबरोबर पायथ्यापासून निघायचं. झिणी चपळ. त्याचा एक चढ होईस्तोवर तिचा एक पुरा होऊन दुसरा अर्ध्यावर आलेला असे. तेवढ्यात कमरेला हिसका बसे. त्याच्या उडीच्या नेमक्या क्षणी, अर्ध्यातून ओढली जाताना तिच्यातून जो आवाज फुटे, तो लख्ख आणि धारदार, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा.

आणखी जोरात धावलं तर दरीला आपण ऐकू येऊ, अशी तिची भाबडी समजूत होती. ती जीव तोडून धावे. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तिनं संथाजीआजोबांना गळ घातली. आजोबा तिच्या चढाखाली पडून असत. इतके संथ, की त्यांच्या श्वासाचा आवाज कधी कुणाच्या कानावर आला नव्हता. पण त्यांनी श्वास घेतला की चढ लांबे आणि सोडला की आखडे.

"आजोबा, जरा मोठे श्वास घ्या की. यंदा मला नाव हवंय."

"घेतो, बाई. तुझी ओरड वाढेल एवढं नक्की. नावाचं मला नाही सांगता यायचं."

आजोबांनी छाती भरभरून श्वास घेतले. चढ लांबू लागला, आखडू लागला, आणि झिणीची किंकाळी त्याबरोबर खाली झुकू लागली, वर उसळू लागली. असलं काही दरीनं जन्मात ऐकलं नव्हतं. हातातली कामं टाकून लोक अंगणात येऊन उभे राहिले. झिणीला वाटलं, जिंकलं.

नामदिनी सगळे चढ थांबले. दवंडीवाला धापा टाकत वर आला. झिणी केस नीट करून पुढे झाली. तो तिला ओलांडून पुढे गेला आणि खर्जरावासमोर वाकला.

"दरीनं यंदा तुम्हाला डोक्यावर घेतलंय, खर्जराव! काय तुमचा आवाज झळाळतो! कसा उसळतो!"

झिणीच्या पायाखालची जमीन सरकली. "ती किंकाळी माझी आहे," ती कशीबशी म्हणाली.

खर्जराव तिच्याकडे बघतच राहिला. "तुझी? अगं, मला तर आजवर माझीच वाटायची."

तो खोटं बोलत नव्हता. तिला धक्का बसला तो त्याचाच. तो खाली वाकला आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या कमरेचा दोर सोडला. "घे, पोरी. आता तुझी तू चढ."

दवंडीवाला पेचात पडला. पण माणूस न्यायाचा होता. "दोघंही चढा. मी ऐकतो. ही मधे पडली नाही, तर हिचं नाव दरीत नेतो."

झिणी निघाली. कमर हलकी, पाय हलके. माथा आला, तिनं उडी टाकली आणि आवाज आला. बारीक, साधा, अखंड. असा आवाज आपल्यात आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. आनंदानं तिचे डोळे भरून आले. ती पुन्हा चढू लागली. आता एवढा एक चढ, मग नाव, मग ही माती आपली.

ती अर्ध्यावर आली आणि शेजारी खर्जरावानं उडी टाकली.

झिणीचे गुडघे दुमडले. ती कोसळली आणि तीच लख्ख किंकाळी राज्यभर घुमली.

"हाच!" दवंडीवाला आनंदानं ओरडला. "हाच तो खर्जराव!" आणि डफ वाजवत तो दरीकडे उतरू लागला.

झिणीनं घाबरून कमर चाचपली. दोर नव्हता. तो तिच्या शेजारी मातीत सुटा पडला होता. पलीकडे खर्जरावानं पहिलं पाऊल उचललं, आणि त्याच क्षणी, पायथ्यापासून, तिनंही उचललं.