मुकी शेंग

फार पूर्वी खारी आपल्या ढोलीच्या दाराशी शिरीषाची वाळकी शेंग टांगत. चोर शिरला की घरची खार शेंग हलवी, आतल्या बिया खुळखुळत आणि शेजारणी झटकन आपापली दारं बुजवत.

एकदा खारींच्या एका झाडावर एक उंदीर पाहुणा आला. रोज नव्या ढोलीत मुक्काम, बोलणं गोड, आणि घरच्या दाण्याला शिवायचा नाही. सगळ्या खारी त्याच्यावर खूश होत्या. म्हाताऱ्या झुबकीआजीला मात्र ते पटेना. ती पुटपुटली, “काही खात नाही, मग मेल्याचं पोट कशानं सुटलंय?”

शेवटी तो आजीकडे राहिला. सकाळी तो बाहेर पडताच आजीनं शेंग हलवून पाहिली. आवाजच नाही! शेंगेला बारीकसं भोक होतं आणि आत एकही बी नव्हती. तिनं खाली पाहिलं, तर उंदराचं अख्खं गणगोत बुंधा चढत होतं.

“आजी, आता दाणे खाऊ!” उंदीर हसला.

आजीनं शेपटी फुलवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “चिक्! चिक्!” धडाधड दारं बुजली.

तेव्हापासून खारी शेंग टांगत नाहीत, स्वतःच ओरडतात. आणि काहीच न खाणारा पाहुणा दिसला, की जरा जास्तच.