एका ताटातले दोन वाटे

"…आणि माफ न्हाई केलं, तर पाप लागतं का बाबा?"

हवालदार दौलतराव शेवाळे टेकडी चढून दर्ग्यापाशी आला होता. दम लागला होता, पण टोपी सरळ होती. पलटण सुटून तीस वर्षं झाली, तरी गावात त्याला कुणी नुसतं दौलतराव म्हटलेलं खपत नसे. मिजास होती, आणि ती तो लपवतही नव्हता.

म्हातारे फकीर हुसेनबाबा देगेखालची लाकडं मागं ओढत होते. गुरुवारचा भात होऊन गेला होता, माणसं जेवून उतरली होती.

"कुणाला माफ करायचंय?"

"गेनू पिसाळाला. खालच्या वाडीतल्या. आता काय फार दिवस काढत न्हाई तो. सकाळी त्याची सून आली हुती. म्हणली, मामंजी तुमचंच नाव घेत्यात."

"मग?"

"मी जाणार न्हाई. बरोबर का चूक, एवढंच सांगा."

बाबांनी एक लाकूड राखेत विझवलं. दुसरं विझवलं…

हवालदाराला गप्प बसवेना.

"सिंगापूर पडलं तवा आम्ही दोघंबी जपान्यांच्या हाती लागलो. जहाजात कोंबून कुठल्या तरी बेटावर नेलं. तिथं ताटं पुरायची न्हाईत. दोघांत एक ताट, आन् भात मूठभर. म्हणून आमच्यात नेम हुता. एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. मग वाटणाऱ्याला लबाडी करता येत न्हाई."

"तुमच्यात वाटायचं कोण?"

"मी. एक शीत कधी इकडचं तिकडं झालं न्हाई."

हे सांगताना त्याची छाती थोडी पुढं आली.

"आणि गेनू?"

"मला ताप भरला. शुद्ध न्हवती. त्यानं दोन्ही वाटे खाल्ले. मी पडून हुतो तवर रोज."

"शुद्ध नव्हती, मग तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच…" हवालदारानं मान फिरवली. "म्हणला, तू काय आता राहत न्हाईस असं वाटलं. भात वाया कशाला घालवू."

"खरं बोलला."

"त्येच तर, बाबा. खोटं बोलला असता तर कवाच इसरलो असतो."

बाबांनी देगेचं झाकण काढलं. आत डोकावले.

"ताप उतरल्यावर कुणाच्या ताटात जेवलास?"

"त्याच्याच."

"का?"

हवालदारानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हवता."

"आणि सुटून आल्यावर?"

"त्याच्या घरचं पाणीसुदिक घेतलं न्हाई."

बाबांनी उलथन्यानं देगेचा तळ खरवडला. लाल करपलेला भाताचा पापुद्रा अख्खा निघाला. तो एका ताटात घालून त्यांनी हवालदारापुढं ठेवला.

"खा. चढून आलायस."

हवालदारानं पापुद्रा मोडला. दोन तुकडे केले. एक जरा मोठा वाटला, म्हणून त्याची कड मोडून दुसऱ्यावर ठेवली. दोन्हींकडं डोळा बारीक करून पाहिलं. मग ताट फिरवून पुढं सरकवलं आणि हात मागं घेऊन गुडघ्यावर ठेवला.

बाबा बघत राहिले…

"घ्या की," हवालदार म्हणाला.

"मी?"

"तुम्ही घेतल्याबिगर मला कसं घेता यील?"

"मी तुझा जोडीदार नव्हे, हवालदार."

हवालदारानं ताटाकडं पाहिलं. घरीही रोज हेच व्हायचं. भाकरी मोडून तो थांबायचा, आणि बायको हसून विचारायची, कुणाची वाट बघताय? त्याला खरंच सांगता यायचं नाही. आज ते त्याच्या ध्यानात आलं. परक्या माणसापुढं ते उघडं पडावं, याचा त्याला राग आला.

"त्यानं मला मेल्यात जमा केलं हुतं, बाबा."

"होय."

"ते मी इसरणार न्हाई."

"नको विसरू."

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढलं. ताट त्यात बांधलं, गाठ मारली आणि त्याच्या हातात दिलं. वाडीकडं जाणारी पाऊलवाट दर्ग्याच्या मागूनच उतरत होती.

हवालदार उभा राहिला. टोपी सरळ केली.

"माफ करू का नको, ते सांगितलं न्हाईत…"

बाबा पुन्हा राखेकडं वळले होते.

"वाटे नीट केलेत," ते म्हणाले. "त्यानं उचलेपर्यंत हात लावू नकोस."